चुगलखोर ढोबळी मिरची

"उपटा! अख्खी रांग उपटा आणि भट्टीत घाला!"

काकांच्या आवाजानं काचघराच्या काचा थरथरल्या. त्यांच्या हातात फावडं होतं, तोंडात पेपरमिंटची गोळी आणि कपाळावर आठ्या. भिंगरीनं झारी टाकली आणि ती धावली. मागोमाग तिचा धाकटा भाऊ ढब्बू आणि मामेभाऊ वकील! भिंगरीच्या खिशात सदान्‌कदा भिंग असे, वकील भिंतीशीसुद्धा वाद घाली, आणि ढब्बूला ढब्बू का म्हणत ते त्याच्याकडे बघितलं की कळे.

काकांनी जिच्यावर फावडं रोखलं होतं, ती मावशीची रांग होती. कित्येक वर्षं खपून तिनं ढोबळी मिरचीचं हे नवं वाण तयार केलं होतं. जगात त्याची एवढीच झाडं! मावशी बियाणं समितीपुढे त्याची बाजू मांडायला गेली होती आणि जाताना भिंगरीला बजावून गेली होती, "डोळ्यांत तेल घालून जप गं!"

"काका, मावशीला न विचारता?" भिंगरी रांगेसमोर आडवी उभी राहिली.

"तिला फोन केलात तर खबरदार! तिकडे ती समितीपुढे उभी, तिला हे ऐकवायचं? बघा हे तपकिरी डाग! नाहीतर ही शेजारची जुन्या वाणाची रांग. फिकट-गडद, कशी छान नक्षी पडलीय पानांवर! हे सगळं ढब्बूचं काम. जॅमची बोटं घेऊन हिंडतो इथे!"

"मी नाही! मी फक्त वास घेतला!" ढब्बू रडवेला झाला.

"आरोपीला बाजू मांडायची संधी मिळालीच पाहिजे!" वकिलानं हात उंचावला. "मावशी येईपर्यंत मुदत द्या!"

काकांनी गोळी या गालातून त्या गालात नेली. "आज सोमवार. ती शनिवारी दुपारी येते. मी सकाळीच हजर होणार, फावड्यासकट!"

काका गेले आणि भिंग बाहेर निघालं. डाग काही सगळीकडे नव्हते. फक्त मागच्या दाराजवळच्या झाडांवर, तेही बरेच उंचावर.

"ढब्बू, हात वर कर. टाचा उचल. अजून!"

ढब्बू लालबुंद झाला, पण त्याची बोटं काही तिथवर पोचली नाहीत.

"आरोपी निर्दोष!" वकील ओरडला. ढब्बूनं लगेच खिशातलं बिस्किट काढून आनंद साजरा केला.

भिंगरी मात्र पानाला नाक लावून उभी होती. बारीक बारीक ठिपक्यांचा एकेक पुंजका, थेट अंगठ्याएवढा! ठिपका वाळलेला, पण त्याच्याभोवतीचं पान टवटवीत. तिला एकदम मावशीचं बोलणं आठवलं. "झाडाला ना पळता येतं, ना डॉक्टरकडे जाता येतं. म्हणून रोग शिरला की कणखर झाड त्याच्याभोवतीच्या आपल्याच पेशी मारून टाकतं. रोग तिथेच कोंडला जातो!"

"अरे, ही झाडं आजारी नाहीत! लढताहेत!"

"पण मग शत्रूला आत आणलं कुणी?" वकिलानं विचारलं.

तेवढ्यात मागचं दार करकरलं. तिघं पिंपाआड दडली. काका आत आले. "कसं काय, बाळांनो?" म्हणत त्यांनी येता-येता पाचसहा पानं चिमटीत धरून चोळली आणि नवी पेपरमिंट तोंडात टाकली.

ते गेल्यावर तिघांनी मागचं आवार धुंडाळलं. पाण्याच्या टाकीमागे, एका उपड्या कुंडीखाली सिगारेटची थोटकं! काकांनी तर सिगारेट सोडली होती. मावशीनं कौतुकानं सगळ्या नातेवाइकांना तसं सांगितलं होतं!

"थोटकं कुणाचीही असतील," वकील म्हणाला. "पुरावा लागतो!"

"मग बोटांनाच विचारू या," भिंगरी म्हणाली.

संध्याकाळी तिनं मावशीच्या रांगेतल्या, कोपऱ्यातल्या एका निरोगी झाडाच्या चार पानांना चार रंगांचे दोरे बांधले. लाल दोऱ्याचं पान ढब्बूनं चोळलं (जॅमसकट!), निळ्याचं वकिलानं, हिरव्याचं तिनं.

"काका, पांढऱ्याचं तुम्ही! तुमचे आशीर्वाद हवेत."

"माझ्या हाताला यशच आहे मुळी!" काकांनी पान मस्तपैकी चोळलं.

शनिवारी सकाळी काका फावडं घेऊन आले, आणि त्यांच्या पाठोपाठ बॅग घेऊन मावशी! समितीचं काम लवकर आटोपलं होतं. काकांच्या हातातलं फावडं त्यांच्याच पायावर पडलं.

"मावशी, आधी हे बघ!" भिंगरीनं तिला कोपऱ्यात ओढलं. लाल, निळं, हिरवं, तिन्ही पानं स्वच्छ. पांढऱ्या दोऱ्याच्या पानावर ठिपकेच ठिपके!

"हा सूर्य, हा जयद्रथ!" वकिलानं काकांकडे बोट दाखवलं.

मावशीनं काकांचा हात उचलून हुंगला.

"पेपरमिंट," काका पुटपुटले.

"पेपरमिंट बोटांनी खाता का हो? तंबाखूच्या पानात एक विषाणू असतो. सिगारेटमध्येही तो टिकतो, बोटांना लागतो आणि पान चोळलं की आत शिरतो. तंबाखू आणि मिरची एकाच कुळातल्या ना!"

"पण मी तर..."

"सोडली होती, ठाऊक आहे! झाडांनी चुगली केली. माझ्या वाणानं तुमचा रोग जागच्या जागी अडवला. आणि ती छान नक्षी आहे ना, ती म्हणजे रोग झाडभर पसरल्याची खूण! उचला फावडं, ती रांग भट्टीत घालायचीय." मग तिचे डोळे चमकले. "समिती म्हणाली, वाण रोगाला तोंड देतं याची चाचणी करून दाखवा. अर्धी चाचणी तर इथेच झाली!"

"म्हणजे माझ्यामुळेच..." काका खुलले.

"काका!" तिघं एकदम ओरडली.

मावशीनं भिंगरीला जवळ घेतलं. "मी डोळ्यांत तेल घालून जप म्हटलं होतं. तू तर डोळ्याला भिंग लावून जपलंस!" भिंगरीला हसूही आलं आणि रडूही.

ती रांग जळून गेल्यावर मावशीनं काकांना साबणानं हात धुवायला लावले आणि वर दुधाचं पातेलं पुढे केलं. दुधात बोटं बुडवली की हा विषाणू सहसा पुढे जात नाही म्हणे. काका दोन्ही हात दुधात बुडवून गरीब गाईसारखे उभे राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "ढब्बू, उगाच तुझ्यावर आळ घेतला. चुकलो रे."

ढब्बूनं तळहात पुढे केला.

"माफ केलं. पण मागच्या दाराची किल्ली आता माझ्याकडे!"

त्या दिवसापासून काका दाराशी आले की ढब्बू त्यांची दहाही बोटं एकेक करून हुंगतो. मगच कुलूप उघडतं.