देवळीतलं पाणी

माझी भाची नोएलिया खोटं बोलत नाही. लहानपणी काही फोडलं तरी तुकडे घेऊन स्वतःच समोर यायची. म्हणून तिनं सांगितलं तसंच सांगतो.

ही रात्रीची गोष्ट नाही. ऑगस्टमधली भर दुपार होती. आमच्या ला रिओहा प्रांतात त्या वेळी गावंच्या गावं दारं लावून झोपतात. पोरांना सगळ्यात आधी हेच शिकवतो... जेवण झालं की उन्हात जायचं नाही.

पण नोएलिया आणि तिचा नवरा रामिरो निघाले होते. तालाम्पायाची लाल दरी पाहायला.

तिला सातवा महिना होता. बाळ झालं की पुढची काही वर्षं फक्त लंगोटच बघायचेत, त्याआधी दरी बघून घेऊ, असं रामिरोचं म्हणणं.

वाटेत झोंडा सुटला. आमच्याकडचा तो तापलेला, कोरडा वारा. समोरच्या काचेवर धुळीचा थर बसला.

रामिरोनं गाडी थांबवली, ती नेमकी रस्त्याकडेच्या एका छोट्या देवळीपाशी.

वाळवंटात तहानेनं मेलेल्या आईची देवळी. लेकरू मात्र तिच्या छातीशी जिवंत सापडलं होतं, दूध पीत. रस्त्यानं जाणारा तिथं भरलेली बाटली ठेवतो. तहानलेल्यानं त्यातलं पाणी प्यावं, ती रागावत नाही.

रामिरोनं एक बाटली उचलली... आणि काचेवर ओतली.

"अरे, ते धुवायला नसतं," नोएलिया म्हणाली. "आपलं आहे ना गाडीत."

"ते येर्बाच्या चहासाठी राखलंय. इथं एवढ्या बाटल्या पडल्यात, तिला काय कळणार आहे?"

"तुझ्या आईला कुलपात ठेवलेलंही कळतं. हिला कळणार नाही?"

तो हसला. रिकामी बाटली देवळीपुढे टाकून आत येऊन बसला.

गाडी सुरू झाली नाही.

पुन्हा किल्ली फिरवली... काही नाही.

त्यानं दार उघडायला घेतलं. दार हललं नाही. तिच्या बाजूचंही नाही. काचा खाली होईनात. बाहेर इतकी धूळ उसळली की देवळीही दिसेना.

धुतलेली काच मात्र स्वच्छ होती. तिच्यावर पाण्याचा एक थेंबही उरला नव्हता. फक्त मधोमध एक ओला पट्टा...

कुणीतरी जिभेनं चाटल्यासारखा.

तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला.

चुक्... चुक्...

तान्हं मूल अंगावर पितं, तसा.

"मागे बघू नकोस," रामिरो पुटपुटला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

त्या दोघांच्या मध्ये येर्बासाठी राखलेली बाटली होती. झाकण घट्ट. तरी प्रत्येक आवाजासरशी पाणी खाली उतरत होतं.

आणि मग नोएलियाच्या ध्यानात आलं... तिचं बाळ हलत नव्हतं.

सकाळपासून लाथा मारणारं बाळ. तिनं पोट दाबलं. चोळलं. हाक मारली.

काही नाही.

रामिरो खांद्यानं दाराला धडका देत होता. तिनं त्याला थांबवलं. बाटलीचं झाकण उघडलं. तळाशी थोडं पाणी उरलं होतं. त्यांच्याकडचं शेवटचं.

"वेडी झालीस का? आपण इथं मरू."

"मागचं ते लेकरू कोरडं ओढतंय, रामिरो. आधी त्याच्या आईला पाणी मिळायला हवं."

तिनं मागे न बघता हात मागे नेला.

"घे आई," ती म्हणाली. "आमचं चुकलं. तू पी."

बाटली तिच्या हातातून कुणीतरी घेतली.

हळूच. थंड, खरखरीत बोटांनी.

आवाज थांबला.

वारा थांबला.

मग पोटात एक लाथ बसली. अशी जोरात की ती कळवळून रडायला लागली. दारांचे खटके एकदम वर उडाले.

मागची सीट रिकामी होती. बाटली कुठेच नव्हती.

दरी त्यांनी पाहिली नाही. परत फिरले. दुसऱ्या दिवशी सकाळी रामिरो एकटा गेला. डिकीभर पाणी घेऊन. सगळ्या बाटल्या देवळीपुढे ठेवून गुडघ्यांवर बसला. असं तो स्वतः सांगतो, आणि रामिरो देवळात जाणारा माणूस नाही.

नोव्हेंबरात मुलगी झाली. गुटगुटीत आहे. मी तिला मांडीवर घेऊन गाणी म्हणतो.

पण परवा नोएलियानं मला बाजूला घेतलं.

दुपारी ती बाळाला पाजते. बाळ पिऊन झोपतं. ती त्याला पाळण्यात ठेवते, कपडे सावरते, आणि डोळे मिटते...

आणि खोलीत चुक्... चुक्... चालूच राहतं.

"मामा," ती म्हणाली, "मी आता उशाशी पाणी ठेवते. रोज भरते."

मी विचारलं, "आणि?"

"रोज रिकामं होतं."