खिडकीतली निळी वायर

दोन घरांना जोडून ठेवणारी जगातली सर्वांत बळकट गोष्ट म्हणजे रक्ताचं नातं, असं शरच्चंद्र पिंपळापुरे आयुष्यभर सांगत आले. त्यांच्या आणि पुतण्याच्या घराला प्रत्यक्षात जोडत होती ती एक निळी वायर, आणि तीसुद्धा अधूनमधून निसटत असे.

आता सांगणारेच राहिले नव्हते. सब-इन्स्पेक्टर निवेदिता खोब्रागडे हवालदार नत्थूला घेऊन रायपूरच्या सदर बाजारामागच्या गल्लीत पोचली, तेव्हा म्हातारे पलंगावर उताणे पडले होते. गाल लालबुंद. जिवंतपणी त्यांच्या चेहऱ्यावर इतका रंग कोणी पाहिला नव्हता.

पलंगाखाली गोरसी होती. गोरसी म्हणजे मातीचं पसरट भांडं, त्यात शेणीचा आणि कोळशाचा विस्तव. थंडीत छत्तीसगडातली अर्धीअधिक म्हातारी माणसं तिच्याच भरवशावर फाल्गुन बघतात. विस्तव आता राखेखाली गेला होता.

"कोळशाचा वायू," डॉक्टर दारातूनच म्हणाले. "बंद खोलीत हेच होतं. झोपेतच गेले. बरंच झालं म्हणायचं."

बरं कोणाचं झालं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

ओसरीवर मीराबाई बसली होती. म्हाताऱ्यांचं सगळं तीच करायची. गोरसी तिनंच पेटवली होती, जेवायला जाताना दारही तिनंच ओढून घेतलं होतं आणि संध्याकाळचा चहा घेऊन दार उघडणारीही तीच. इतक्या गोष्टी एकाच बाईनं केल्यावर पोलिसांना शोधायला फारसं उरत नाही. साहेबांनी फोनवरच फर्मान काढलं, हलगर्जीपणाचा गुन्हा लावा आणि मोकळे व्हा.

मीराबाईला रडायचंही सुचत नव्हतं. भनपुरीला तिची नात निधी शाळेतून येऊन कुलपासमोर बसली असेल, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. त्या पोरीला दुसरं कोणी नव्हतं.

"दार काहून लावलं?" निवेदितानं विचारलं.

"बाबूजींले हवा सोसत नव्हती, मॅडम. औषध घेऊन झोपले की रोजच लावतो."

"अन् खिडकी?"

"खिडकी लागतच नाही. वायर हाय न तिच्यात. आख्खी थंडी गोरसी जळली, कोनाले काही झालं?"

निवेदितानं खिडकीकडे पाहिलं. लोखंडी गज, आत उघडणारी दोन लाकडी दारं, सताड उघडी. गजांमधून निळी वायर आत आली होती आणि टेबलावरच्या इंटरनेटच्या डब्यात घुसली होती. त्याच डब्यातून दुसरी वायर म्हाताऱ्यांच्या कंप्युटरला गेली होती. रोज रात्री जेवणानंतर ते त्यावर मुलीशी बोलत.

व्यवस्था साधी होती. ब्रॉडबँड एक, काकांच्या नावावर. कंप्युटर दोन, एक इकडे आणि एक बोळापलीकडे पुतण्या शिशिरकडे. बोळ एवढा अरुंद की त्यातून एक मांजर आणि एक भांडण सोबत जाऊ शकत नसे. भिंती जुन्या, हातभर जाड. वायरशिवाय नेट पलीकडे पोचत नसे. म्हणून खिडकीची दारं कायम बोटभर उघडी राहत आणि म्हातारे कायम शिंकत. पुतण्याच्या नोकरीपायी मले सर्दी, हे वाक्य गल्लीत सगळ्यांना पाठ होतं.

शिशिर खोलीतच होता. मयताला एकटं ठेवू नये म्हणून तो पोलीस येईपर्यंत एकटाच काकांजवळ बसून राहिला होता. चाळिशीचा, नीटनेटका, डोळे लाल. घरी बसून एका बंगळूरच्या कंपनीचं काम करायचा. तो मराठीत सुरुवात करी आणि हिंदीत संपवी.

"काका म्हणजे देवमाणूस, मॅडम. मेरे तो बाप ही थे."

"दुपारी कुठं होता?"

"घरी. जेवणानंतर संध्याकाळपर्यंत मीटिंगमध्ये. ऑफिसले विचारून घ्या."

"मधात एकदाही इकडे आले नाही?"

"गरजच नाही पडली. नेट आज एकदम मस्त चालून राहिलं होतं. वायर निघाली की मग यावं लागते."

"खिडकी कोणी उघडली?"

"मी आलो तेव्हा उघडीच होती."

हे सगळं खरं असावं अशा थाटात तो बोलत होता. त्यातलं बरंच खरंही होतं.

शेजारच्या विमलाकाकूंनी चौकशीची वाट पाहिली नाही, त्याच चालत आल्या. मीराबाईची किंकाळी ऐकून सर्वांत आधी त्या धावल्या होत्या. खोलीत श्वास घेववेना म्हणून त्या खिडकीकडे गेल्या.

"ओढली तर हलेना. वरची कडी लागली होती. ह्या वयात मला स्टुलावर चढावं लागलं, सांगा." मग त्यांनी मीराबाईला ओसरीवर आणून बसवलं आणि तिचा हात धरून बसल्या तो पोलीस येईपर्यंत सोडला नाही. एकतर तिला घेरी येत होती, आणि दुसरं म्हणजे असं काही रोज घडत नाही.

"शिशिर कसा मुलगा आहे?" निवेदितानं विचारलं.

"मुलगा चांगला. घसा वाईट. नेट गेलं की गॅलरीत येऊन बोंब मारतो, काका, डबा बंद करून चालू करा. गल्लीतली पोट्टी त्याची नक्कल करतात. दुपारची झोप म्हणून नाही कोणाला." काकू थांबल्या. "आज तेवढी झोप लागली बाई. म्हणून तर किंकाळी ऐकून दचकले."

मीराबाईला ठाण्यात नेऊन बसवलं. निधीला आणायला नत्थू भनपुरीला गेला आणि तिला स्वतःच्या बायकोकडे सोडून आला. कायद्यात असं काही लिहिलेलं नाही, पण नत्थूनं कायदा वाचलेलाही नव्हता.

निवेदितानं दोन फोन केले. पहिला भिलाईला, म्हाताऱ्यांची मुलगी देवश्री हिला. रडणं ओसरल्यावर ती म्हणाली की होळीनंतर ती कुटुंबासह रायपूरला यायची होती, कायमची. बोळापलीकडचं घरही बाबांचंच, शिशिरदादाला नुसतं राहायला दिलेलं. बाबांनी त्याला ते रिकामं करायला सांगितलं होतं. कागद तेवढे तिच्या नावावर व्हायचे राहिले होते.

दुसरा फोन बंगळूरला, शिशिरचा सहकारी राकेश याला. हो, शिशिर पूर्ण वेळ मीटिंगमध्ये होता. त्यानं आपणहून एक गोष्ट सांगितली. एरवी शिशिर बोलता बोलता पडद्यावर तोंड उघडं ठेवून गोठतो, सगळे हसतात. आज पहिल्यांदाच एकदाही गोठला नाही.

शवचिकित्सेनं डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरवलं. कोळशाचा वायू. साहेबांनी विचारलं, आता अडलंय कुठं? निवेदिता म्हणाली, खिडकीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं. मीराबाई भिंतीला चिकटून उभी राहिली. विमलाकाकूंनी एकुलती एक खुर्ची घेतली. शिशिर दाराशी होता, हातात दिवसांच्या सामानाची पिशवी.

"नत्थू, खिडकी लावा," निवेदिता म्हणाली.

नत्थूनं दारं लोटली. वायरवर येऊन ती थांबली. त्यानं खांदा लावला. बोटभर फट तशीच. वरची कडी भोकाच्या जवळही आली नाही.

"नाही लागत, मॅडम."

"काल मात्र लागली होती. काकू स्टुलावर चढून तीच कडी काढत होत्या. म्हणजे काल दुपारी खिडकीत वायर नव्हती. अन् मी आले तेव्हा ती जागेवर होती."

मीराबाईला अजून समजलं नव्हतं की हे तिच्या बाजूचं आहे.

"आख्खा हिवाळा ह्याच खोलीत, ह्याच विस्तवावर, दार लावूनच गेला. कालच माणूस काहून मेला? फरक एकच. फट बुजली. आता मीराबाईनं ती बुजवली असं धरू. थंडीपायी तिनं वायर काढली, खिडकी लावली. तर मग वायर परत कोणी लावली? किंकाळीनंतर ही काकूंच्या हातात हात देऊन ओसरीवर होती. अन् हिले नेट कशाले पाहिजे?"

"मॅडम, इतकी गडबड होती," शिशिर म्हणाला, "कोणीतरी लावली असेल."

"गडबड ओसरीवर होती. ह्या खोलीत दोघंच होते. त्यातले एक मेले होते."

नत्थूनं हळूच दाराची जागा घेतली.

"शिशिर, तुम्ही मले सांगितलं, नेट मस्त चालून राहिलं होतं. वायर खिडकीबाहेर असताना ते कुठून आलं?"

शिशिरनं पिशवी खाली ठेवली. "मोबाईलवर घेतलं असेल. वायर गेली की घेतो कधीकधी. ध्यानात नाही राहिलं."

"घ्या न. पण वायर गेली की तुम्ही आधी काय करता ते गल्लीतल्या लेकरांनाही माहीत हाय. गॅलरीत येता अन् बोंब मारता. काल नाही मारली. काकूंले झोप लागली. राकेश म्हणतो, तुम्ही काल एकदाही गोठले नाही. म्हणजे मीटिंग सुरू होतानाच तुम्ही मोबाईलवर होते. वायर जाणार नव्हती, ती गेली होती, अन् हे तुम्हाले माहीत होतं. दुसऱ्या कोणी वायर ओढली, तर माणूस ओरडतो. ज्यानं स्वतःच ओढली, तो कशाले ओरडेल?"

ती खिडकीपाशी गेली.

"मीराबाई गोरसी ठेवून जेवायला गेली. काका औषध घेऊन झोपलेले. तुम्ही आले, वायर काढून गजाबाहेर सोडली, कडी लावली, दार पहिल्यासारखं ओढलं अन् मीटिंगला बसले. संध्याकाळी आले तेव्हा खिडकी उघडी दिसली. ती कोणी आणि कशी उघडली, हे विचारायचं राहून गेलं. तुम्हाले वाटलं, मीटिंग वायरवरच झाली हे दाखवलं की झालं. म्हणून मयताजवळ बसले अन् वायर जागेवर लावली. नुसतीच पडू दिली असती, तर आज ही बाई जेलात गेली असती."

शिशिरनं जे बोलायला नको होतं ते बोलून टाकलं, आणि तेही शुद्ध मराठीत.

"विस्तव तिनं ठेवला, मॅडम. मी फक्त खिडकी लावली. खिडकी लावणं गुन्हा आहे का?"

"नाही," निवेदिता म्हणाली. "वायर परत लावली नसती, तर मीही असंच म्हटलं असतं."

"होळीनंतर कुठं जाणार होतो मी? सगळी उमर इथंच गेली. त्यांची औषधं आणली, त्यांचा कंप्युटर चालू करून दिला. अन् देवश्रीनं एक फोन करायचा, की मी बाहेर."

विमलाकाकू म्हणाल्या की हे त्यानं गॅलरीत येऊन ओरडायला हवं होतं, सगळ्यांनी ऐकलं असतं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. नत्थूनं शिशिरच्या दंडाला धरलं. बोळातून दोघं एकदम मावेनात, म्हणून त्याला पुढे घालून तिरपं चालावं लागलं. गल्ली दोन्ही बाजूंनी बघत होती आणि पहिल्यांदाच कोणी त्याची नक्कल केली नाही.

खोलीत निवेदिता आणि मीराबाई उरल्या. निवेदितानं तिला सांगितलं की सुटलीस, एका कागदावर अंगठा दिला की घरी जा, निधी नत्थूकडे आहे. मीराबाईनं ऐकून घेतलं. मग तिनं पलंगावरची चादर काढली, घडी केली, कुठे ठेवावी ते न सुचून हातातच धरून उभी राहिली.

"मॅडम, एक सांगू काय?"

"सांग."

"तुमच्या ओळखीत कोनी म्हातारा हाय काय, सांभाळायले?"