२१६, खाली बारीक रेघ

खोटं वाटलं तर सोडून द्या, पण मी रचून सांगत नाहीये. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते माझे आजोबा आत्ता पलीकडच्या खोलीत आहेत.

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मंगळवार होता, आणि भर दुपार. भुताखेतांची वेळ नव्हेच ती... पण झालं ते दुपारीच.

माझी मावशी कलासंग्रहालयात नोंदणीचं काम करायची. तोंडाची फटकळ, अक्षर मोत्यासारखं. त्या वर्षी संग्रहालयाला आपल्या भागातल्या चित्रकारांचं दालन उभं करायचं होतं. मावशी घरोघर फिरली. एक निसर्गचित्र पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून सापडलं. एका घरात तर चित्राच्या चौकटीमागे उंदरांनी संसार थाटलेला!

आलेल्या प्रत्येक चित्राला क्रमांक मिळायचा. चित्राच्या पाठीवर वॉर्निशचा पातळ थर, त्यावर काळ्या शाईनं आकडा. आकडा कुणी उलटा वाचू नये म्हणून मावशी खाली एक बारीक रेघ मारायची. स्पिरिटचा बोळा फिरवला की हे सगळं निघून जातं.

आजोबा, म्हणजे तिचे वडील, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. स्वतःसाठी काढलेलं एकच चित्र त्यांनी जपलं होतं. खिडकीशी शेंगा सोलत बसलेली आजी. आजी गेली, चित्र राहिलं. ते संग्रहालयाच्या भिंतीवर डोळ्यांनी पाहायचं, एवढीच त्यांची इच्छा. आणि डॉक्टरांनी मावशीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "फार तर दोन महिने."

नेमका नियम आडवा आला. दालनात फक्त दिवंगत चित्रकार.

"एक जिवंत घेतला की दुसऱ्या दिवशी दहा दारात उभे राहतात," साहेब म्हणाले. "मेलेले भांडत नाहीत, बाई."

मावशीचं आडनाव सासरचं. चित्रकार आपले वडील आहेत हे तिनं सांगितलंच नव्हतं, लोक वशिला म्हणतील म्हणून. यादी त्याच मंगळवारी बंद होणार होती. तिनं अर्जावर 'मृत्यू'च्या रकान्यात मुकाट्यानं चालू वर्ष लिहिलं.

फक्त वर्ष. आज ना उद्या खरंच होणार आहे, असं तिनं मनाला समजावलं.

समितीनं होकार दिला. दुपारी दोन वाजता मावशीनं नोंदवहीत तेच वर्ष घालून ओळ भरली, चित्रामागे आकडा घातला. २१६. खाली बारीक रेघ.

आणि खोकला ऐकू आला. अगदी पाठीमागून. आजोबांचा.

तिनं वळून पाहिलं... कुणी नव्हतं.

आजोबांची एक सवय होती. ब्रश धुतला की डब्याच्या काठावर तीनदा आपटायचे. टिक, टिक, टिक. आजारपणातही आपटायचे, नुसता कोरडा ब्रश. गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचं.

त्या दिवशी मावशी चार वाजताच घरी आली. गल्ली चिडीचूप होती.

ती धावत जिना चढली. खोलीत शेजारीण उभी.

"अगं, दादा कुठे गेले? मघापासून हाका मारतेय, खोली आपली रिकामी!"

खोली रिकामी नव्हती. आजोबा खुर्चीत बसले होते. शेजारीण त्याच खुर्चीला टेकून उभी होती...

मावशीनं तिला कशीबशी वाटेला लावलं. आजोबांचं अंग गार पडलं होतं. कोमट पाण्यानं पुसावं म्हणून तिनं त्यांचा सदरा काढला.

पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध...

२१६. खाली बारीक रेघ. तिच्याच अक्षरात.

साबण लावला. तेल लावलं. स्पिरिट लावलं. कातडी लालेलाल झाली, आकडा जागचा हलला नाही.

"घासू नकोस गं," आजोबा हळूच म्हणाले. "आतून लिहिलंय."

मावशी अनवाणी पळत सुटली. संग्रहालयात पोचली तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं कमी होती. नोंदवही उघडली. तिनं फक्त वर्ष लिहिलं होतं... आता तिथे तारीखही होती. आजची. पुढे वेळ होती.

पाच.

नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. दुरुस्ती एकदाच, लाल शाईनं, खाली सही. मावशीला लाल पेन सापडेना. खण उपसले, टेबलं उलथीपालथी केली. "देवा, एवढी चूक पोटात घाल," म्हणत ती हुंदके देत होती. पेन सापडलं तेव्हा घड्याळाचा काटा पाचला टेकत होता. तिनं तारखेवर रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'हयात'.

मागे कुणीतरी खोकलं. मग... टिक, टिक, टिक.

घरी आजोबा चहा मागत बसलेले! मावशी त्यांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली.

साहेबांपुढे तिनं सगळं कबूल केलं. त्यांनी कपाळाला हात लावला, पण चित्र काही उतरवलं नाही. दालन उघडलं तेव्हा आजोबा आजीसमोर तासभर उभे राहिले. "झालं," म्हणाले. "आता निघायला मोकळा."

दोन महिने गेले. दोन वर्षं गेली. डॉक्टर गेले.

आजोबा आता एकशे आठ वर्षांचे आहेत. पेपरवाले येऊन दीर्घायुष्याचं गुपित विचारतात. आजोबा जेवत नाहीत, झोपत नाहीत. दुखतं मात्र सगळं. रोज मावशीला म्हणायचे, "पोरी, खोड ना ते."

मावशीनं नियम मोडून कितीदा तरी प्रयत्न केला. त्या शब्दावर शाईच धरत नाही. एकदा तिनं ते पान फाडून घरी आणलं, गॅसवर जाळलं. दुसऱ्या दिवशी पान वहीत जागच्या जागी होतं.

मागच्या महिन्यात मावशी गेली. माझा हात धरून म्हणाली, "मी चांगलंच करायला गेले होते रे."

आता आजोबांना आंघोळ मी घालतो. आकडा अजून ठसठशीत आहे. आज सकाळी पाठीवर पाणी ओतत होतो, तेव्हा त्यांनी मान न वळवता विचारलं,

"तुझ्यानंतर कोण रे?"

मला पंचावन्न झाली. मूलबाळ नाही. मी पुढचा तांब्या भरला.