धुऱ्यापलीकडची शीळ

त्या गुरुवारी सकाळी सुलोचनाबाई शेजारच्या हेमराजच्या वावरात गेल्या, त्या फक्त आपलं कुत्रं शोधायला. हातात पितळी वाटी, वाटीत दुधात कुस्करलेली भाकर. वाटीवर चमचा वाजवला की टिक्का असेल तिथून धावत यायचा. आदल्या सकाळीच त्याच्या गळ्यात नवा लाल पट्टा बांधला होता, आणि त्या दुपारपासून तो आला नव्हता.

जानेवारीचे दिवस होते. धुकं इतकं दाट, की गिरडची टेकडी सोडाच, स्वतःच्या तळ्याचा काठही दिसत नव्हता. तळ्यावर उतरलेली बदकं नुसती ऐकू येत होती.

हे तळं आणि त्याभोवतालची नऊ एकर जमीन सुलोचनाबाईंची. सेवाग्रामच्या दवाखान्यात त्यांनी चौतीस वर्षं नर्स म्हणून काढली. नवरा प्रेमदास मास्तर. त्यांनी निवृत्त झाल्यावर या जमिनीत नांगर घालायचं बंद केलं, आणि जे उगवेल ते उगवू दिलं. पाचसहा वर्षांत तिथं झाडोरा माजला. पावसाळ्यात नवरंग पक्षी यायचा, हिवाळ्यात बदकं, उन्हाळ्यात पाण्यासाठी रोही म्हणजे नीलगाई, ससे, मोर. गावानं नाव ठेवलं, ‘मास्तरचं जंगल’. मास्तर गेल्यावर ‘बाईचं जंगल’ झालं. टिक्का आणि भुरी ही दोन कुत्री पिल्लं असतानाच मास्तरांनी आणली होती. जनावराच्या मागं धावायचं नाही, हे त्यांनी त्या दोघांना असं शिकवलं होतं, की ससा समोरून गेला तरी ती फक्त कान टवकारत.

हेमराजचं वावर धुऱ्याला, म्हणजे दोघांच्या मधल्या बांधाला, लागून. हरभऱ्यात डुकरं घुसतात म्हणून तो तीन वर्षांपासून अंधार पडल्यावर कुंपणाच्या तारेत करंट सोडायचा. बाईंनी त्याला चार वेळा सांगितलं, दोनदा अर्ज दिला. काही झालं नव्हतं.

त्या सकाळी हेमराज नाल्याजवळच्या बाभळीखाली उभा होता. बाईंनी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, “बाई, टिक्का गेला. तारेले लागला. मी इथंच पुरला त्याले.”

बाभळीच्या बुंध्याशी ताजी माती होती. वर एक मोठा दगड.

बाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. मग त्या बोलल्या. आवाज चढवला नाही, पण हेमराजनं नजर खाली घातली. तार लावणं गुन्हा आहे हे त्याला ठाऊक होतं की नव्हतं, त्यांनी विचारलं. कुत्रं मेल्यावर मालकिणीला एक हाक मारायचं सुचलं नाही का, तेही विचारलं. हेमराज म्हणाला, चूक झाली, तार आजच काढली, आणि पाहिजे तर दोन पिल्लं आणून देतो. कुत्रंच होतं शेवटी.

कुत्रंच होतं. हे वाक्य पुढच्या आठ दिवसांत बाईंनी किती तोंडांतून ऐकलं! वन खात्याच्या कार्यालयात साहेब म्हणाले, पाळीव जनावर आमच्याकडे येत नाही. वीज कंपनीचा माणूस येऊन वावर पाहून गेला आणि म्हणाला, इथं तर तारच नाही. तार नव्हती हे खरंच. तीन वर्षं अर्जांना न निघालेली तार एका दिवसात गुंडाळली गेली होती. बाईंना त्याचा राग जास्त आला. एवढ्या सहज निघत होती तर आधी का नाही काढली?

आणखी एक माणूस त्या आठवड्यात दिसत नव्हता. रामाजी. गवत कापणारा, पन्नाशीचा, अबोल. बाईंच्या रानातलं वाळकं गवत कापून तो आपल्या शेळ्यांना न्यायचा. संध्याकाळी भारा डोक्यावर घेऊन नाल्याकाठानं निघाला की दोन्ही कुत्री धुऱ्यापर्यंत त्याला पोचवत. तो पलीकडून शीळ घालायचा, दोन आखूड आणि एक लांब, तेव्हाच ती परत फिरत. टिक्का हरवायच्या दोन दिवस आधी, सोमवारी, रामाजी आला तो शेवटचा. हेमराज गावात सांगत होता, की रामाजी त्याला बोलून गेला, हैदराबादकडे कामाला चाललो म्हणून.

रामाजीची बायको कमला हे मानायला तयार नव्हती. ती ठाण्यात गेली, तर पिऊन पडला असेल कुठंतरी, येईल, असं सांगून तिला परत लावून दिलं. रामाजी दारूला शिवत नव्हता. कमला सुलोचनाबाईंच्या ओट्यावर येऊन बसली तेव्हा रडली नाही.

“बाई, तुमी कुत्र्यासाठी दोन ऑफिसं फिरल्या,” ती म्हणाली. “माह्या माणसासाठी कोणी खुर्चीवरून उठलं नाई.”

बाईंना ते लागलं. त्या स्वतःही उठल्या नव्हत्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी भुरीकडे नीट पाहिलं. टिक्का गेल्यापासून भुरी दिवेलागणीला धुऱ्यावर जाऊन बसायची. बाईंना वाटलं होतं, जोडीदाराची वाट पाहते. पण वाट पाहणारं कुत्रं दूर बघतं. भुरी वर बघत होती. माणसाचं तोंड जिथं असतं तिथं. शेपटी हलवत होती. मध्येच मान वळवून खाली, आपल्या बाजूला, हवेत जीभ फिरवायची, टिक्क्याचा कान चाटायची तशी.

समोर हरभऱ्याचं मोकळं वावर होतं. तिथं कोणीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तळ्यावरची बदकं गेली. मार्चपर्यंत राहणारी बदकं जानेवारीतच उठली. धुऱ्याच्या अलीकडे रोह्यांचा कळप येऊन उभा राहू लागला. तार नव्हती, पलीकडे कोवळा हरभरा होता, तरी एकही जनावर पाय टाकत नव्हतं. सात रोही, सगळ्यांची तोंडं बाभळीकडे. चरत नव्हती, कान हलवत नव्हती.

बुधवारी संध्याकाळी कमला पुन्हा आली होती. सूर्य नुकताच बुडाला होता, नाल्यावरून धुकं वर यायला लागलं होतं. दोघी भुरीच्या मागोमाग धुऱ्यापर्यंत गेल्या. ओल्या मातीचा वास, त्यात काहीतरी गोडसर, कुजकं. बाईंच्या नाकाला तो वास नवा नव्हता. टिक्का असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं.

रोही उभीच होती. या दोघी जवळून गेल्या तरी एकही बुजलं नाही.

आणि मग शीळ आली. दोन आखूड, एक लांब.

लांबून नव्हती आली. वाऱ्यावरही नव्हती. बाभळीच्या बुंध्याकडून, खालून, तोंडात माती असताना कोणी घालावी तशी, भरलेली, बसकी. भुरी उठली, आणि रोजच्यासारखी घराकडे परत फिरली.

कमलानं बाईंचं मनगट धरलं.

“बाई... तुमाले आयकू आलं?”

“आलं.”

“मले चार दिवसांपासून येऊन राह्यलं... घरी, चुलीपाशी. मले वाटलं, मी येडी झाली...”

रात्रभर बाई खाटेवर बसून होत्या. भीती होती, पण भीतीखाली दुसरंच काही धुमसत होतं. आपल्याला काय ऐकू आलं याचा अर्थ लावायला त्या धजत नव्हत्या. इतकंच ठरवलं, की टिक्का आपला आहे आणि तो त्या माणसाच्या मातीत राहणार नाही.

गुरुवारी कमलाला मजुरीवर जावं लागलं. शुक्रवारी उजाडल्यावर दोघी फावडं आणि टिकास घेऊन बाभळीखाली गेल्या. भुरी पुढे. दगड लोटून पहिलं फावडं घातलं तोच हेमराज धावत आला. अंगात बनियन, पायात चप्पल नाही.

“मेलेल्या जनावराले काऊन तरास देता, बाई? वास मारते. बिमारी पसरंल.”

बाई म्हणाल्या, “मी चौतीस वर्षं दवाखान्यात काढली. मले नको शिकवू.”

तो विनवण्या करू लागला. मी मजूर लावून काढून देतो, संध्याकाळी घरी आणून देतो, म्हणाला. बाई खणत राहिल्या. दोन हातांवर टिक्का लागला.

त्यांनी तो आपल्या साडीच्या पदरानं पुसला. मग सवयीनं हात चालू लागले. पंजे पाहिले, ओठ उचलून हिरड्या पाहिल्या, पोटाखाली पाहिलं. करंट लागून आलेली माणसं त्यांनी कितीतरी पाहिली होती. जिथून करंट शिरतो तिथं कातडी जळते. टिक्क्याच्या अंगावर भाजल्याचा एकही डाग नव्हता. कवटी मात्र मागून फुटलेली होती.

आणि गळ्यात पट्टा नव्हता.

“भेटला न?” हेमराज म्हणाला. त्याचा आवाज अचानक हलका झाला होता. “घेऊन जा आता. मी बुजवतो खड्डा.”

त्या हलकेपणानंच बाईंना सावध केलं. काठी मारून कुत्रं मारणारा माणूस ते नाल्यात फेकतो. दोन हात खड्डा खणून, वर दगड ठेवून, विचारायच्या आधी जागा का दाखवतो?

त्यांनी भुरीकडे पाहिलं. भुरी टिक्क्याकडे फिरकलीसुद्धा नव्हती. ती खड्ड्यात उतरली होती आणि खालची माती दोन्ही पायांनी उकरत होती. तोंडानं बारीक कण्हत होती.

कमलानं टिकास उचललं. हेमराजनं तिच्या हाताला धरलं. बाई मध्ये उभ्या राहिल्या. पासष्टीची, पाच फुटांची बाई, पण त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं हात सोडला. मग तो वळला आणि धुक्यात चालू लागला. आधी चालला, मग पळाला.

हातभर मातीखाली गवताचा भारा लागला. दोरीनं बांधलेला, तसाच. त्याखाली रामाजी होता.

हेमराज दुपारपर्यंत समुद्रपूरच्या बसथांब्यावर सापडला. त्यानं सगळं सांगितलं. सोमवारी त्यानं अंधार पडायच्या आधीच करंट सोडला होता. रामाजी भारा घेऊन नाल्याकाठानं आला आणि तारेवर पडला. त्याला तिथंच पुरलं. मंगळवारी टिक्का त्या जागी येऊन उकरू लागला. हाकलला, तरी बुधवारी पुन्हा आला. तेव्हा कुऱ्हाडीचा दांडा घातला. मग त्याला सुचलं, की उद्या वास सुटला, कोणी खणलं, तर वर कुत्रं सापडेल. खणणारा नाक दाबून माती परत लोटेल.

पोलीस हे सांगत असताना बाई ऐकत होत्या. ज्याला शोधायला ते मुकं जनावर दोन दिवस माती उकरत होतं, त्याच्याच डोक्यावर त्याला झाकण करून ठेवलं. गाडीत बसवलेल्या हेमराजजवळ त्या गेल्या. म्हणाल्या, “तू म्हणाला होता, कुत्रंच होतं. अन् रामाजीचं काय म्हणाला असता? गवतकाप्याच होता?”



बाई मग ठाण्याच्या साहेबांकडे वळल्या. ही कमला दहा दिवसांपूर्वी तुमच्या दारात आली होती, त्यांनी आठवण करून दिली. साहेब कागदांत पाहू लागले. कमला मान वर करून त्यांच्याकडे पाहत उभी राहिली, ते पुन्हा वर बघेपर्यंत.

एवढ्यानं ही गोष्ट संपायला हवी होती. पण प्रेत वर घेताना बाई खड्ड्याच्या काठावर होत्या, आणि जे पाहिलं ते त्यांच्याबरोबर दोन शिपायांनीही पाहिलं.

रामाजीच्या उजव्या मुठीत टिक्क्याचा पट्टा होता. लाल, नवाकोरा. बुधवारी सकाळीच बाईंनी तो स्वतःच्या हातानं टिक्क्याच्या गळ्यात बांधला होता, एक बोट जाईल इतका घट्ट. तेव्हा रामाजीला जमिनीखाली जाऊन दोन रात्री झाल्या होत्या. पट्ट्याची बक्कल लावलेलीच होती, त्याच भोकात. हेमराजला विचारलं, तर तो शपथेवर म्हणाला, पुरताना पट्टा कुत्र्याच्या गळ्यातच होता, बक्कल चमकलेली त्याला आठवत होती. रामाजी आणि टिक्क्याच्या मध्ये हातभर दाबलेली माती होती आणि गवताचा अख्खा भारा.

शिपायानं मूठ उघडायला घेतली. मेलेल्याचा हात आखडतो आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा सैल पडतो, हे बाईंनी आयुष्यभर पाहिलं होतं. हा अकरावा दिवस होता. एका शिपायाला जमेना, म्हणून दुसरा उतरला. चालताना सोबतच्या कुत्र्याला धरावं तशी ती बोटं पट्ट्यावर मिटली होती, आणि दोघांनी मिळून ओढली तर ती आणखी आवळली. दोघंही हात सोडून मागं सरले.

शेवटी पट्टाच कापावा लागला.