एक्केचाळीस नंबरचं खोकं

फोटोत नवीचा फक्त डावा पाय आला होता. तोही घोट्यापर्यंतच.

तिनं पुन्हा कॅमेरा पुस्तकांच्या ढिगावर ठेवला, टायमर लावला, बटण दाबलं आणि खुर्चीकडे धूम ठोकली. खट्! खुर्ची अजून चार पावलं लांब होती. या वेळी फोटोत तिची पाठ आली. सातव्यांदा पळायच्या बेतात असतानाच दारावर थापा पडल्या.

दारात खालच्या मजल्यावरची भावंडं उभी होती. सगळी इमारत त्यांना लंबू आणि बडबडी म्हणायची. एकाला एकदा पाहिलं आणि दुसरीला एकदा ऐकलं, की कारण विचारावं लागत नसे.

"वर घोडे पाळलेत का तुम्ही?" बडबडीनं विचारलं. "आजीचा आत्ता कुठे डोळा लागला होता. आता छताकडे बघत बसलीय."

"चुकलं माझं. आता नाही पळणार," नवी म्हणाली आणि दार लोटायला लागली.

इथे राहायला येऊन दोन महिने झाले होते, तरी तिचं नाव कुणी विचारलं नव्हतं. 'ती नवी' म्हणता म्हणता तिची 'नवी'च झाली. शाळा होती तोवर निदान बाकावर शेजारी कुणीतरी असायचं. सुट्टी लागली आणि तेही गेलं. आई सकाळी शर्टांच्या कारखान्यात जायची ती सहाला परतायची. बाबा बोटीवर, समुद्रात कुठेतरी. दिवसभर नवी घड्याळाशी आणि भिंतींशी बोलायची, आणि दोघंही उत्तर देण्यातले नव्हते.

लंबूनं दारात पाय घातला. "तो कॅमेरा आहे ना? बघू."

नवीला फार बरं वाटलं, पण तिनं ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"कुणाला सांगायचं नाही," ती म्हणाली. "आईसाठी भेट आहे. तिचा फोन कपड्यांबरोबर बादलीत भिजला आणि आमचे सगळे फोटो गेले. बाबा रविवारी येतायत, पाच दिवसांसाठी. शुक्रवारी परत जाणार, ते थेट आठ महिन्यांनी येणार. ते म्हणाले, कॅमेरा तू निवड, आणि पहिला फोटो आपल्या तिघांचा. म्हणून टायमर हवाच होता. आणि आता तोच चालत नाहीये."

खरं तर निवडताना तिनं काही बाकी ठेवलं नव्हतं. प्रश्नांची यादीच करून नेली होती. आईच्या एका हातात मावेल का? फार बटणं नाहीत ना? फोटो सहज कागदावर छापून मिळतील का? त्या दिवशी दुकानदार काका डॉक्टरकडे गेले होते आणि गल्ल्यावर त्यांचा मेहुणा जांभया देत बसला होता. त्यानं आधी तोफेएवढा कॅमेरा पुढे केला. तिसऱ्या प्रश्नाला मात्र त्यानं हात टेकले आणि फळीवरून एक खोकं उतरवलं. "हा घे. नवशिक्यांसाठी एकदम छान. यातला हा शेवटचाच."

"पुस्तिकेत दहा सेकंद लिहिलंय," नवी म्हणाली. "हा दोन सेकंदांतच फोटो काढतो."

बडबडीला धीर कसला! तिनं दिसतील ती बटणं दाबली. पडद्यावर नवीची पाठ आली, पाय आला, पुन्हा पाठ आली. आणि मग एक पांढऱ्या केसांची, निळा स्वेटर घातलेली बाई आली.

"ही तुझी आजी?"

"नाही. मी हिला ओळखतसुद्धा नाही."

तिघांची डोकी एकमेकांवर आपटली. बाई सोफ्यावर बसली होती. पुढच्या फोटोत ती गॅलरीत होती, मग तळ्याकाठच्या बाकावर, मग जिन्यात. एकूण दोनशे बारा फोटो! आणि प्रत्येक फोटोत ती एका बाजूला सरकून, शेजारी जागा ठेवून बसलेली. कॅमेऱ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती जरा पलीकडे कुठेतरी बघत होती आणि हसत होती.

"हिच्या शेजारी कोण आहे?" बडबडीनं विचारलं.

"कुणी नाही," लंबू म्हणाला.

"तेच तर म्हणतेय मी. रिकाम्या जागेचे कुणी दोनशे फोटो काढतं का?"

रिकाम्या खुर्चीशेजारी बसून जेवायची नवीला सवय होती, पण असं हसू तिला कधी आलं नव्हतं. मग तिला एकदम आपला डावा पाय आठवला.

"ती जागा रिकामी नाहीये," ती म्हणाली. "तिथे कुणीतरी येतंय. टायमर लावून पळतंय, माझ्यासारखंच. आणि पोचतच नाहीये. हा कॅमेरा नवा नाही. कुणाचा तरी आहे."

अर्ध्या तासात तिघं दुकानात हजर! आज गल्ल्यावर स्वतः दुकानदार काका होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि कानांवर हात ठेवले.

"अगं, कंपनी विकायच्या आधी तपासते. त्यांच्यातलीच असेल कुणी बाई."

"जिन्यात बसून?" बडबडी म्हणाली.

"आणि टायमर?" लंबूनं विचारलं.

"टायमर असाच असतो. चपळ व्हा जरा. आमच्याकडे जुना माल नव्या खोक्यात घालून विकत नाहीत, कळलं? चला, गिऱ्हाइकं येतील."

बडबडीच्या तोंडाचा पट्टा सुटणार, तेवढ्यात नवीनं तिचा हात दाबला. तिनं कॅमेऱ्यातलं फोटोंचं कार्ड काढून मुठीत घेतलं आणि कॅमेरा काउंटरवर ठेवला.

"बरं काका. मग दुरुस्तीला ठेवून घ्या."

वाद मिटला म्हणून काका खूश झाले. त्यांनी वहीत नोंद केली, कॅमेरा फडक्यानं पुसला, मग खालून एक रिकामं नवं खोकं काढून त्यात ठेवला. खोक्याच्या तळाला पेन्सिलीनं अठ्ठ्याऐंशी लिहून त्याभोवती गोल केला आणि खोकं मागच्या फळीवर सरकवलं. फळीवर तशीच पंधरा-वीस खोकी होती.

"दुरुस्तीचे कॅमेरे नव्या खोक्यात का ठेवता?" नवीनं विचारलं.

"धूळ बसत नाही. माझी स्वतःची युक्ती आहे," काका छाती फुगवून म्हणाले.

"आणि नवे कॅमेरे?"

"तेही तिथेच."

"मग तुमच्या मेहुण्यांना कसं कळतं, कुठला नवा आणि कुठला दुरुस्तीचा?"

काकांनी मागे वळून फळीकडे पाहिलं. नवीनं पिशवीतून आपलं खोकं काढून उलटं केलं. तळाला पेन्सिलीचा गोल होता, आत एक्केचाळीस.

वहीची पानं उलटताना काकांचा चेहरा उतरत गेला. एक्केचाळीस नंबरची नोंद अकरा महिन्यांपूर्वीची होती. *टायमर दोन सेकंदांत उडतो.* पुढे पत्ता.

"अरे देवा," काका म्हणाले. "ते नकाशेवाले आजोबा! दर मंगळवारी येतात. आणि मी दर मंगळवारी सांगतो, पार्ट यायचाय."

"पार्ट मागवला होता?" लंबूनं विचारलं.

काकांनी वही मिटली. ते नवीकडे वाकले आणि त्यांचा आवाज एकदम गोड झाला. "हे बघ बेटा. तुला रविवारी कॅमेरा हवा ना? असा दुसरा दहा दिवस तरी येत नाही. मी टायमर उद्याच्या उद्या नीट करून देतो. हा तूच ठेव. आजोबांना मी नवा देईन, तेही खूश. ते जुने फोटो तेवढे पुसून टाकू. कुणाला कळणार आहे?"

नवीनं मनात हिशेब केला. दहा दिवसांनी बाबा समुद्रात असणार होते. तिघांचा एक तरी फोटो असावा म्हणून ती महिनाभर दिवस मोजत होती. नुसतं 'हो' म्हटलं की झालं, आणि खरंच कुणालाही कळलं नसतं. तिला ते 'हो' म्हणावंसं वाटलं, खूप वाटलं. पण मुठीत कार्ड होतं आणि कार्डात ती बाई कुणाकडे तरी बघून हसत होती.

"पत्ता द्या," ती म्हणाली. "आणि कॅमेरा द्या. आम्ही नेऊन देतो."

आजोबांचं घर दोन रस्ते सोडून, तिसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडायला त्यांना बराच वेळ लागला. आत खिडकीशी उतरतं टेबल होतं, त्यावर पट्ट्या आणि टोकदार पेन्सिली. आयुष्यभर त्यांनी कचेरीत नकाशे काढले होते. ओट्यावर एकच कप पालथा होता. नवीला तो लगेच दिसला.

"दुकानातून आलात? पार्ट आला का?"

"नाही आला, आजोबा," नवी म्हणाली. "पण कॅमेरा आणलाय. फोटो सगळे आहेत."

तिनं मुठीतलं कार्ड पुन्हा आत घातलं. आजोबांनी कॅमेरा दोन्ही हातांत धरला. पडद्यावर निळा स्वेटर आला आणि ते खुर्चीत बसले.

"ही गेली," ते म्हणाले. "चार महिने झाले. आमचा जोडीनं एकही फोटो नव्हता, म्हणून हा घेतला. मी बटण दाबून धावायचो. गुडघे हे असे. ही म्हणायची, 'अहो, पडाल,' आणि हसत सुटायची. मी पोचायच्या आत खट्. दोनशे बारा वेळा धावलो बघा, एकातही नाही मी. म्हणून दुरुस्तीला दिला. तेव्हा ती होती."

खरं तर उठून जायला हवं होतं, पण नवीचा पाय निघेना. आईची नजर लेकीत उतरली होती. शर्टाची टीप एका टाक्यानं चुकली तरी आईला दिसते, आणि दुपारी फोटो बघताना नवीला एक गोष्ट दिसली होती.

"एकशे सदतिसावा बघा," ती म्हणाली. तिनं फोटो लावला आणि बटण दाबून मोठा केला. अजून मोठा केला. "या कोपऱ्यात. हे काय आहे?"

आजोबांनी टेबलावरचं नकाशांचं भिंग उचललं. फोटोच्या अगदी कडेला एक तपकिरी बाही होती. बाहीवरची दोन बटणं तपकिरी, एक काळं. आणि ती बाही बाईंच्या बोटांनी घट्ट पकडलेली होती.

"काळं बटण हिनंच लावलं होतं," आजोबा म्हणाले. "तपकिरी मिळालं नाही म्हणून." त्यांनी भिंग खाली ठेवलं, डोळे पुसले, पुन्हा उचललं. "म्हणजे पोचलो होतो मी. एकदा पोचलो होतो."

निघताना नवी दारात म्हणाली, "येते आजोबा." पण कॅमेऱ्याकडे बघू नको म्हटलं तरी नजर गेलीच. मग काय, बडबडीनं एका दमात सगळं सांगून टाकलं, बोट, बादली आणि रविवारसकट. नवीला तिचा राग आला, आणि जिन्यात रडूही आलं.

आजोबांनी एवढंच विचारलं, "किती वाजता येतात बाबा?"

रविवारी ते इस्त्रीचा सदरा घालून, कॅमेरा गळ्यात अडकवून हजर झाले. मागे लंबू आणि बडबडी होतीच. दुकानदार काकांनी सकाळीच आजोबांच्या घरी जाऊन माफी मागितली होती, आणि दुरुस्तीची खोकी आता वेगळ्या कपाटात गेली होती. दहा दिवसांनी येणारा पहिला कॅमेरा नवीचा, तोही ते स्वतः तपासून देणार होते.

आईनं सगळं ऐकलं आणि लेकीला जवळ घेतलं. "माझ्या हाताखालून दिवसाला तीनशे शर्ट जातात. चूक दिसली की मी बाजूला टाकते. ती कुणाची, हे शोधत जायला मला नसतं सुचलं गं."

"आणि मला 'नाही' म्हणता आलं नसतं," बाबा म्हणाले. "तुझ्याएवढा असताना तर मुळीच नाही."

"चला, इकडे बघा," आजोबा म्हणाले. खट्.

फोटोत आई नीट होती, बाबा ताठ होते. नवी मात्र कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. मान पूर्ण वळवून ती बाबांकडे बघत होती आणि हसत होती.

"बिघडवला मी," ती म्हणाली. "दुसरा काढा ना."

"काढू की, हवे तेवढे काढू," आजोबा म्हणाले. "पण हा पुसू नकोस. असे दोनशे बारा आहेत माझ्याकडे. माझ्याकडे बघून कुणीतरी हसत होतं, हे मी रोज त्यातच बघतो."

"बघू," म्हणून बाबांनी कॅमेरा हातात घेतला. त्यांनी फोटो पाहिला, आणि बराच वेळ तो कुणालाच परत दिला नाही.