नाना घरात आहेत

राउटर घ्यायला आलेल्या माणसाला वेग किती हवा, असं विचारायचे दिवस केव्हाच मागे पडले होते. भुसावळच्या बाजारातल्या त्या छोट्याशा दुकानात रमजान तडवीनं हर्षदाला पहिला प्रश्न केला तो असा : "ताई, यानं घरात कोणाकोणावर नजर ठेवायची?"

"फक्त वडिलांवर," हर्षदा म्हणाली. "आणि मला फसवाफसवी नकोय. भरवशाचा असेल तोच दाखवा."

रमजाननं काउंटरवर तीन खोकी मांडली. राउटरच्या लहरी घरभर पसरतात, भिंतींवर, कपाटांवर आणि माणसांवर आपटून परत येतात, आणि परत येताना जराशा बदललेल्या असतात. जुने राउटर हा बदल कचरा म्हणून टाकून द्यायचे. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की त्या कचऱ्यातच सगळं घर आहे. कोण बसलंय, कोण चालतंय, कोणाची छाती संथ वरखाली होतेय, हे कॅमेऱ्याशिवाय कळतं. या विद्येला लोक लहरदृष्टी म्हणू लागले. कॅमेरा नसल्यामुळे म्हाताऱ्यांनाही संकोच नव्हता. बघता बघता गल्लोगल्ली ही खोकी बसली, आणि पुण्या-बंगळुरातली मुलं मोबाइलवरचा हिरवा ठिपका बघून निर्धास्त जेवू लागली.

हर्षदाला तो ठिपका हवा होता त्याला कारण होतं. तिचे वडील मुरलीधर बऱ्हाटे, म्हणजे नाना, मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून ते एकटेच राहत, आणि अलीकडे त्यांच्या डोक्यातली वेळापत्रकं एकमेकांत मिसळायला लागली होती. मध्येच उठायचे, पांढरा सदरा चढवायचे, हिरवी झेंडी काखेत मारायची की निघाले यार्डाकडे ड्यूटीवर! हर्षदानं त्यांना पुण्याला आपल्याकडे नेऊन पाहिलं, तर उंच इमारतीतल्या त्या घरात ते भेदरून कोपऱ्यात बसले. शेजारच्या सरोदेकाकूंनी उपाय सुचवला होता, "बाहेरून कुलूप लाव वं हर्षू. इलाज नाही." हर्षदानं एक दिवस लावलंही. नानांनी दारावर मुठी आपटून आपटून हात सुजवून घेतला. "माझी गाडी खोळंबली! दार उघडा!" असं ते लहान मुलासारखे रडत ओरडत होते. त्या सुजलेल्या हाताला हळद लावताना हर्षदानं शब्द दिला, "नाना, तुम्हाला पुन्हा कधी कोंडणार नाही."

म्हणून राउटर. पहिला नुसता पडलेला माणूस ओळखायचा. दुसरा चांगला होता, पण बोलायचा इंग्रजी, आणि काकूंना त्यातलं ओ की ठो कळलं नसतं. तिसऱ्याचं नाव 'सोबत'. तो वीज गेली तरी चालायचा, चालीवरून माणूस ओळखायचा आणि चक्क मराठी बोलायचा. बाजारात लोणच्याची कैरी निवडणारी बाई जशी एकेक कैरी बोटानं ठोकून बघते, तसं हर्षदानं त्याबद्दल लोकांनी लिहिलेलं एकेक मत वाचलं होतं. तिनं 'सोबत' घेतला आणि आईच्या फोटोशेजारी, दाराजवळच्या फळीवर बसवला.

पहिल्याच आठवड्यात त्यानं सगळ्यांचा जीव नकोसा केला. लहरी काही भिंतीपाशी थांबत नाहीत, त्यामुळे दारापुढच्या ओट्यावर बसलेला माणूस आत की बाहेर, हे त्या पठ्ठ्याला ठरवता येईना. नाना ओट्यावर टेकले की पुण्यात हर्षदाचा मोबाइल बोंब मारायचा. ती काकूंना फोन करायची, काकू गुडघे धरत धावायच्या, आणि नाना निवांत शेंगा फोडत बसलेले असायचे. "लांडगा आला रे आला चाललंय नुसतं," काकू वैतागल्या. "खरंच गेले एखाद दिवशी, तर मी उठायचीसुद्धा नाही बघ."

हर्षदा पुन्हा भुसावळला आली. रमजाननं घरी येऊन राउटरमध्ये 'घरची बोली' नावाची सोय चालू करून दिली.

"आता हा नुसता बघणार नाही, दारातलं बोलणंही ऐकणार," तो म्हणाला. "लहरींना शंका आली की शब्दावर विश्वास ठेवायचा. 'जातो', 'निघालो' ऐकलं की माणूस बाहेर धरतो आणि घंटा वाजवतो. 'आलो', 'येतो' म्हटलं की आत. करा खात्री."

हर्षदा उंबऱ्यात उभी राहिली. "मी जाते," ती मोठ्यानं म्हणाली. हातातला मोबाइल लगेच कोकलला.

खाटेवरून नाना उसळले. "हर्षू! जाते म्हणू नये. येते म्हण. आईनं शिकवलं नाही?"

"नाना, चाचणी आहे ही."

"चाचणी असली म्हणून काय झालं?"

त्यांनी कटकट करू नये म्हणून तिनं हात जोडले. काम झालं, चहा झाला. रमजान पिशवी उचलून दारात गेला आणि म्हणाला, "येतो मग, ताई." फळीवरचं खोकं गोड आवाजात बोललं, "या, बसा."

सगळे खो खो हसले. नाना तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अरे, हा बघ, जायच्या आधीच परत आला!" बऱ्याच दिवसांनी नाना असे हसत होते, म्हणून हर्षदाही हसत राहिली. समोर जे घडलं होतं ते गमतीचं होतं, एवढंच तिघांनाही दिसलं. मरण दारात येऊन 'या, बसा' म्हणालं आणि तिघांनी त्याला टाळी दिली.

घंटा थांबल्या. काकूंचे गुडघे सुखावले. हर्षदा रात्रीची शांत झोपू लागली, आणि ओळखीपाळखीच्यांना 'सोबत' घ्या म्हणून सांगूही लागली.

मग मे महिना आला. भुसावळचं ऊन आधीच कुप्रसिद्ध, त्यात आताशा दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे. त्या दिवशी तर कोणीही घराबाहेर पडू नये, असं सकाळपासून भोंग्यावरून ओरडून सांगत होते. हर्षदानं कामाला बसण्याआधी मोबाइल पाहिला. हिरवा ठिपका. 'नाना घरात आहेत. झोपले आहेत. श्वास संथ.' जेवताना पुन्हा पाहिलं, तेच. फोन करावासं वाटलं, पण झोपलेल्या माणसाला कशाला उठवा? शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला तिनं कौतुकानं ठिपका दाखवला. "बघ, एवढ्या उन्हाळ्यात माझे नाना कसे शांत झोपलेत."

चहाची वेळ टळली तरी ठिपका झोपलेलाच. नाना एक वेळ जेवण विसरतील, चहा विसरणार नाहीत. तिनं फोन लावला, कोणी उचलला नाही. मग काकूंना लावला.

"हिरवा आहे ना? मग घोरत असतील," काकू म्हणाल्या. "बघून येते."

फोन कानाला लावूनच काकू गेल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आत कूलर घरघरत होता. त्याच्या वाऱ्यानं खाटेजवळचा पडदा हळूच फुगत होता आणि हळूच बसत होता, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा. खाट रिकामी होती. खुंटीवर पांढरा सदरा नव्हता.

"हर्षू," काकू म्हणाल्या, "नाना घरात नाहीत."

नाना सापडले ते यार्डापलीकडच्या, वापरात नसलेल्या रुळावर. तिथे एक जुना गार्डचा डबा गंजत उभा होता. सकाळी त्याच्या सावलीत ते टेकले असावेत. सावली सरकली, नाना नाही सरकले. झेंडी हातात तशीच होती. रेल्वेच्या माणसांनी उचललं तेव्हा अंग तापलेलं होतं, पण ते उन्हानं.

हर्षदा रात्री पोचली. दारात रमजान उभा होता. घरात रडणाऱ्या बायका होत्या, आणि तरीही फळीवरच्या खोक्याचा दिवा हिरवाच होता. रमजाननं पुढे होऊन खोक्याला विचारलं, "नाना कुठे आहेत?"

"नाना घरात आहेत," खोकं म्हणालं. "सकाळी दारात म्हणाले, 'येतो गं.'"

'गं.' म्हणजे आईच्या फोटोला. सगळी नोकरीभर ते दारात उभं राहून आईला हेच म्हणत आले होते. आई म्हणायची, 'येतो' म्हटलं की घराला धीर राहतो, आणि माणसाला परत यावंच लागतं. एवढा विसरभोळा झालेला माणूस, घराचा रस्ता विसरला, दिवस विसरला, पण तो एक शब्द विसरला नाही. विसरला असता तर घंटा वाजली असती. हर्षदाला हे दारातच कळलं.

"ताई," रमजान रडत म्हणाला, "मी पण हसलो होतो ना."

दिवसकार्य आटोपल्यावर कंपनीतून फोन आला. मुलगी तरुण होती, मराठी शिकून बोलणारी, पण आवाजात खरोखरच कळवळा होता. "मॅडम, आम्ही सुधारणा करतोय. एक समजून घ्यायचं होतं. तुमच्याकडे जाताना 'येतो' का म्हणतात?"

काय सांगणार? की आमच्यात 'जातो' हा शब्द माणूस स्वतः कधी उच्चारत नाही, तो नंतर इतरांनी त्याच्याबद्दल उच्चारायचा असतो?

"बरं, तुमची नोंद तरी बदलून घ्या," मुलगी हलकेच म्हणाली. "घरच्याच माणसानं दारात उभं राहून एकदा स्पष्ट म्हणायचं, 'नाना गेले.' मग तो त्यांना मोजणार नाही."

इतके दिवस जो भेटायला येत होता तो हेच दोन शब्द म्हणत होता. हर्षदानं मात्र ते एकदाही तोंडातून काढले नव्हते. ती उंबऱ्यात उभी राहिली, फोटोंकडे पाहिलं. आता तिथे दोन फोटो होते. ते दोन शब्द न उच्चारताच ती आत वळली.

दुसऱ्या दिवशी तिनं पुण्याला जायची बॅग भरली. कूलर बंद केला, पडदा काढून त्याची घडी घातली, खिडक्या लावल्या. काकूंनी आपल्याकडचं कुलूप आणून दिलं. बॅग खांद्याला लावून हर्षदा उंबरा ओलांडू लागली, आणि लहानपणापासूनच्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "येते, नाना."

आतून गोड आवाज आला, "या हर्षदा. नाना घरात आहेत."

ती तिथेच थबकली. दार अर्धं ओढलेलं होतं, हातात कुलूप होतं, आणि कानात दारावर आपटणाऱ्या मुठी. तुम्हाला पुन्हा कधी कोंडणार नाही, असं तिनंच म्हटलं होतं. आता हे दार लावायचं, तर ते कशाच्या भरवशावर?