अभयारण्याशेजारचा राखणदार

"इंदुताई, पप्पा तिथे नाहीतच!"

दार पुरतं उघडायच्या आत स्वरूपा ओरडली. हातात मोबाईल, डोळे सुजलेले.

इंदुताईंनी तिला आधी पाणी दिलं. बाईंची सगळी नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला गेली. कोण उशिरा आला, कुणी कुणाचं कार्ड पंच केलं, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. बाई रिटायर झाल्या, संशय मात्र अजून ड्युटीवर होता. म्हणून तर अख्खी कासारवाडी त्यांच्याकडे गाऱ्हाणी आणायची.

स्वरूपाचे वडील भैरू टूलरूममधले कारागीर. आई पाच वर्षांपूर्वी गेली. घरात बाप-लेक दोघंच. आठ महिन्यांपूर्वी धनेशमामानं भैरूंना केनियात नोकरी लावून दिली. अभयारण्याशेजारी पर्यटकांना भाड्यानं देतात तसलं एक घर, त्याचे राखणदार म्हणून. चौकात शुभेच्छांचा फ्लेक्स लागला, गळ्यात हार पडले.

"मामानं दिलेल्या फोटोवरून मी ते घर शोधून काढलं," स्वरूपा म्हणाली. "पप्पांना सरप्राइज म्हणून आठवडाभरासाठी भाड्यानं घेतलं. काल मालकिणीचा मेल आला. तिथे कुणी भारतीय माणूस कधी नव्हताच. मग पप्पा कुठायत? जिवंत तरी आहेत का?"

"त्यांचे मेसेज येतात ना?"

"फक्त आवाजाचे. व्हिडिओ कॉलला म्हणतात रेंज नाही. आजकाल आवाजही खोटा बनवतात हो ताई!"

इंदुताईंनी चष्मा चढवला आणि मेसेज ऐकायला बसल्या. ऐकता ऐकता प्रत्येकाची वेळ कॅलेंडरच्या मागे लिहीत गेल्या. एका आठवड्यात सगळे मेसेज दुपारी चारच्या सुमाराचे. पुढच्या आठवड्यात मध्यरात्रीनंतरचे. त्याच्या पुढच्या आठवड्यात सकाळी साडेसातच्या सुमाराचे. मग पुन्हा दुपारचे. गुरुवारी मात्र कधीही आणि लांबलचक.

त्यातला एक त्यांनी तीनदा ऐकला. "आज गुरुवार. लाइट नव्हती सकाळपासनं, नेहमीचंच. मोबाईल आत्ता चार्ज केला, पोरी."

"तुझ्या मामाला बोलाव," त्या म्हणाल्या.

धनेश पांढऱ्याशुभ्र शर्टात आला. चाकणजवळच्या महाळुंग्याच्या एका कंपनीला तो कंत्राटी कामगार पुरवायचा. यंदा त्यानं लोकांना परदेशी पाठवायचं ऑफिसही थाटलं होतं.

"भैरूंना विमानात कुणी बसवलं?"

"मी स्वतः मुंबईला सोडून आलो, ताई."

"तिकडे काम काय करतात?"

"घर राखायचं. पाहुणे आले की किल्ली द्यायची. दिवसाची ड्युटी, रात्री आराम."

"तुमचे कामगार किती कंपन्यांत आहेत?"

"एकाच. तीन पाळ्यांत." धनेश हसला. "का, कुणाला चिकटवायचंय?"

"चिकटवलंय तुम्हीच. भैरूंना."

धनेशचं हसू मावळलं. स्वरूपा उठून उभी राहिली.

"दिवसाची ड्युटी असलेला माणूस दर आठवड्याला वेगळ्या वेळी कसा मोकळा होतो?" इंदुताईंनी कॅलेंडर पुढे सरकवलं. "साडेतीन, बारा, सात. प्रत्येक पाळी सुटली की अर्ध्या-पाऊण तासात मेसेज. ही केनियाची घड्याळं नाहीत, चाकणची शिफ्ट आहे. आणि दर गुरुवारी लाइट जाते ती आपल्याकडे, दुरुस्तीसाठी. सुट्टीही त्याच दिवशी. भैरूंच्या ते इतकं अंगवळणी पडलंय की खोटं बोलतानाही लक्षात आलं नाही."

धनेश घाम पुसू लागला. "ताई, व्हिसा खोटा निघाला हो. विमानतळावरनंच दाजींना परत पाठवलं. मला वरच्या एजंटनं फसवलं!"

"मग तसं सांगायचं. पण तुमच्या ऑफिसात दाराशीच भैरूंचा हार घातलेला फोटो आहे. तो बघून माणसं येतात. भैरू घरी परतले असते तर ऑफिसला टाळं लागलं असतं. म्हणून त्यांना चाकणातच लपवून ठेवलंत आणि भीती घातलीत. गावात हसं होईल, पोरीला तोंड कसं दाखवाल. बरोबर?"

"दाजींना स्वतःलाच लाज वाटत होती..."

"त्या लाजेवर तुम्ही दुकान चालवलंत! या आठवड्यात मेसेज दुपारचे आहेत. म्हणजे फर्स्ट शिफ्ट. चला गेटवर. पोलिसांचं नंतर बघू."

साडेतीनला पाळी सुटली. निळ्या शर्टांच्या गर्दीत भैरू खाली मान घालून येत होते. अंगानं निम्मे झाले होते. लेक दिसली आणि त्यांचे पाय जागच्या जागी खिळले.

"गावात कळलं का गं?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"कालपासून मी तुम्हाला मेलेलं समजून रडतेय, आणि तुम्हाला गावाची पडलीय?"

"लाज वाटत होती, पोरी."

"मग लाजेसकट घरी यायचं होतं ना, पप्पा!"

आणि ती बापाच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारत सुटली, हमसून हमसून रडत, भर गेटवर, अख्खी शिफ्ट बघत असताना. भैरूंनी तिला थांबवलं नाही.